चाक हलायचं थांबलं की जा

माझं वय त्रेसष्ट. उभी हयात डोंबिवलीला मानपाड्याच्या एमआयडीसीत पंपाच्या कंपनीत काढली, पोरगा वाढवला, नवऱ्याचं दुखणं काढलं. आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर जो टॅब आहे ना, त्यात मी लहान मूल आहे.

थट्टा नाही करत. घोडबंदर रोडच्या या टॉवरमध्ये प्रत्येकाच्या फोनवर ते अ‍ॅप आहे. कोण आलं, कोण गेलं, दूधवाला, कामवाली, सगळं त्यात. त्यात एक सोय अशी की एखादं मूल एकटं गेटबाहेर निघालं तर आधी आईबापाच्या फोनवर विचारणा जाते. ते हो म्हणाले तरच सिक्युरिटीवाला सोडतो. सोय चांगलीच आहे, बाहेर एवढ्या गाड्या, पोर पळालं तर काय घ्या. पण माझ्या सम्यकने, पोटच्या पोराने, त्या यादीत माझं नाव घातलं. फोटोसकट. फोटो त्याच्याच लग्नातला, पैठणीतला. पैठणी नेसलेलं मूल बघितलंय कधी कुणी?

कळलं मला ते गेटवरच. भाजी आणायला म्हणून निघाले, तर उत्तमदादा आडवे आले. उत्तमदादा म्हणजे आमचे सकाळचे सिक्युरिटीवाले, राजापूरकडचे, माझ्याच वयाचे असतील. खाली मान घालून म्हणाले, "ताई, साहेबांना रिक्वेस्ट पाठवलीय. ते फोन उचलत नाहीत."

"कसली रिक्वेस्ट?"

"तुम्हाला सोडू का म्हणून."

डोक्यात सणक गेली माझ्या. मी म्हटलं, "सरका बाजूला," आणि सरळ निघून गेले. परत आले तर त्यांचा सुपरवायझर त्यांना सगळ्यांसमोर झापत होता. उत्तमदादा हात जोडून उभे, माझ्या वयाचा माणूस. त्यानंतर मी कधी जबरदस्ती केली नाही. माझ्या रागापायी त्यांची नोकरी जायची, नको. सम्यकला बरोबर माहीत होतं की मी असं करणार नाही. गेट राहू दे, उत्तमदादांच्या नोकरीनेच मला आत बांधून ठेवलं होतं.

सम्यक असा का वागला ते सांगते, नाहीतर तुम्ही त्याला राक्षस समजाल. राक्षस नाही तो, घाबरट आहे.

लॉकडाऊनमध्ये त्याने एक सायकल घेतली होती. गियरची, भारीतली. महिनाभर चालवली, मग ती ड्राय बाल्कनीत उभी. तिच्यावर मोजे वाळायचे. मला सायकल येते. लग्नानंतर मिस्टरांनीच शिकवली, महेंद्रनी, रविवारी कंपन्या बंद असायच्या तेव्हा एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर. साडी खोचून शिकले. तर एके दिवशी मुलगा-सून कामावर गेल्यावर मी मोजे काढले, हवा भरून घेतली आणि निघाले ती थेट कोलशेतच्या खाडीपर्यंत.

तिथे काही नाही. चिखल, तिवरं, बगळे, आणि एक मोठा दगड. त्या दगडावर बसायचं, बस. काही करायचं नाही. तुम्हाला यात काय मोठं ते कळणार नाही, पण मला आयुष्यात एकटीचा असा तास कधी मिळालाच नव्हता. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. कंपनीत लाइनवर खांद्याला खांदा. मग मिस्टरांचं आजारपण, ते जाईपर्यंत दिवसरात्र उशाशी. आणि आता हा बाविसावा मजला, जिथे मी एकटी असते खरी, पण ते एकटं असणं वेगळं. इथे मला ठेवलेलं असतं. दगडावर मी स्वतः गेलेली असायचे.

वर्षभर गेले. घरात कुणाला पत्ता नाही. मग एक दिवस कोलशेतच्या वळणावर मागून टेम्पोने हॉर्न मारला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मी हातावर आपटले. मनगट मोडलं. तिथल्या एका कोळणीने मला रिक्षात घातलं, जवळच्या दवाखान्यात नेलं, सायकल तिच्या दारात ठेवली. माझा फोन घरी चार्जिंगला. सम्यकचा नंबर मला पाठ नाही. आता कुणाला कुणाचा पाठ असतो? प्लास्टर वाळून, रिक्षा मिळून, घोडबंदरच्या त्या ट्रॅफिकमधून घरी यायला संध्याकाळ झाली. सम्यक खाली लिफ्टसमोर लादीवर बसला होता. एवढा मोठा मॅनेजर, जमिनीवर. मला बघितलं आणि असा ओरडला, असा ओरडला, की लॉबीतली माणसं उभी राहिली. माझीही चूक होतीच, फोन न्यायला हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी मी टॅबमध्ये मूल झाले.

"कुठे जायचंय ते सांग, शनिवारी मी नेतो," म्हणायचा. शनिवारी नेलं त्याने मॉलमध्ये. मॉलमध्ये जाऊन मी काय करू, डोंबल?

प्लास्टर निघालं तसं मी कोळणीकडून परत आलेली सायकल खाली नेली. गेटबाहेर नाही, आमच्याच पोडियमवर, पार्किंगच्या छतावरच्या बागेत. झोपाळे, घसरगुंडी, त्यांच्याभोवती गोल गोल. घाण्याच्या बैलासारखी. तेव्हाच जाणवलं की पुढचं चाक खटखटतंय. उतरून चाक धरलं, डावी-उजवीकडे हलवलं. कट, कट. टायर नाही, रिम नाही, मधोमध जो हब असतो त्यात. आम्ही कंपनीत याला प्ले म्हणायचो. बेअरिंग गेलं की प्ले येतो.

तेवढ्यात सम्यक आणि मेघना खाली आले. मेघना माझी सून, गुणाची आहे, फक्त भांडणात पडत नाही. सम्यकने चाक हलवून बघितलं आणि त्याला कोलीतच मिळालं. "बघ! बघ हे! या चाकावर तुला रस्त्यावर सोडू मी?"

मी म्हटलं, "म्हणजे हे हलायचं थांबलं की सोडशील?"

तो फोनमध्ये बघत होता. म्हणाला, "हो. चाक हलायचं थांबलं की जा."

"मेघना, ऐकलंस ना?"

"ऐकलं आई," मेघना म्हणाली, आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे जरा रोखून बघितलं.

त्याने सायकलच्या दुकानवाल्याला व्हिडिओ पाठवला. दुकानवाल्याने सांगितलं, हब गेला, अख्खं चाक बदला, या कंपनीचं चाक आता येत नाही. सम्यकने मला ते वाचून दाखवलं. मान हलवत, हळहळत. पण मी आई आहे त्याची. आतून त्याला किती हलकं वाटलं ते मला दिसत होतं. रविवारी सोसायटीत जुन्या सायकली गोळा करायला कुठलीशी संस्था येणार होती. त्याने लगेच सीटवर फ्लॅट नंबरचं स्टिकर चिकटवलं. "कुणा गरजूला उपयोग होईल, आई."

म्हणजे मी गरजू नाही.

मी गोदाला फोन लावला.

गोदा आणि मी पंपाच्या लाइनवर शेजारी शेजारी. मी बेअरिंग बसवायची, ती सील लावायची. कंपनी सुटली तरी ती अजून मानपाड्यालाच आहे, मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसते. तिला म्हटलं, "गोदे, हबचं बेअरिंग बदलायचंय. दुकानवाला म्हणतो चाकच बदला."

"म्हणणारच तो. नंबर सांग."

बेअरिंगवरच्या रबरी झाकणावर नंबर असतो. दोन्ही टोकांच्या टोप्या बोटांनी ओढून काढल्या, चष्मा कपाळावर, बॅटरी लावलेला मोबाइल तोंडात, आणि वाचला. वाचताना अजून एक गोष्ट दिसली. टोपीच्या आत गंज. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे दुखणं माझंच. दर आठवड्याला, घरात कुणी नसताना, मी ती सायकल कपडे धुवायच्या साबणाने, पाइपचं पाणी सोडून, खसाखसा घासायचे. लख्ख दिसायची. ते पाणी आत जाऊन बेअरिंग खात बसलं होतं. पंपाच्या कंपनीत जन्म काढलेल्या बाईने बेअरिंगला पाणी पाजलं. गोदाला सांगितलं तर फोनवर इतकी हसली की तिचा मुलगा विचारायला आला काय झालं.

शुक्रवारी ती आली. तिलाही गेटवर थांबवलं. मेघनाने ऑफिसमधून हो म्हटल्यावर सोडलं.

"अगं शाले, माझा फोटो काढला गं!" दारातूनच सुरू. "जेलात भेटायला येतात तशी वाटले मी. जय भीम घाल, चहा टाक, आणि ते चाक आण."

तिने भाजीच्या पिशवीतून सामान काढलं. दोन नवी बेअरिंगं, एक वीतभर लांब आट्यांचा रॉड, दोन नट आणि निरनिराळ्या मापाचे जाड वॉशर. साधी गोष्ट आहे. रॉड हबमधून आरपार घालायचा, दोन्हीकडून वॉशर आणि नट लावायचे, आणि पान्याने आवळत गेलं की बेअरिंग सरळ आत जातं. हातोडा मारायचा नाही, वाकडं बसतं.

ड्राय बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला कबुतरांची जाळी, मध्ये आम्ही दोघी मांडी घालून, चाक मांडीवर. जुनं बेअरिंग निघता निघेना. आतून ठोकायला काही हवं होतं, तर गोदाने मेघनाचं लाटणं उचललं. "अगं, ते नको," म्हणेपर्यंत तिने त्याचं टोक आत घालून दोन ठोके दिले आणि बेअरिंग टपकन वर्तमानपत्रावर पडलं. बोटाने फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं करकरलं.

"मेलंय," गोदा म्हणाली.

दुसरंही निघालं. दोन्हींच्या मधून एक पातळ नळी निघाली, करंगळीएवढी. ती दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये बसते, त्यांच्यातलं अंतर राखायला. ती पुसून बाजूला ठेवली. हबच्या आत फडका फिरवला, बोटभर ग्रीस लावलं. पहिलं बेअरिंग ठेवलं, रॉड घातला. मी पाना धरला.

काय सांगू तुम्हाला. पाना हातात आला आणि मनगटाचं दुखणंसुद्धा विसरले. हाताला सगळं आठवत होतं. जाताना सुरुवातीला जड, मग एकसारखं, आणि शेवटी तळाला लागलं की हाताला टक असं कळतं. ते आलं. गोदा आणि मी एकदमच म्हणालो, "बसलं."

मग नळी घातली, दुसऱ्या बाजूचं बेअरिंग ठेवलं, पुन्हा आवळायला लागले. इथे आम्ही माती खाल्ली. पंपात दोन्ही बाजूची बेअरिंगं तळाला टेकेपर्यंत दाबायची असतात. टक आल्याशिवाय पुढे सरकवायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. दुसरं बेअरिंग मध्येच कुठेतरी थांबलं, टक आला नाही. मी म्हटलं, अजून बसलं नाही. गोदा म्हणाली, "दे इकडे, तुझ्या मनगटात जीव नाही." आणि तिने दोन्ही हातांनी अर्धा फेरा अजून दिला.

रॉड काढला, एक्सल, म्हणजे चाकाचा आस, घातला, टोप्या लावल्या. चाक हलवलं. डावीकडे, उजवीकडे. जागचं हलेना. दगड! गोदाने माझ्या पाठीत धपाटा घातला. "झालं की गं! आणि मेला अख्खं चाक बदला म्हणतो!"

मग मी ते फिरवलं.

दोनच गिरक्या घेतल्या आणि थांबलं. पुन्हा जोरात फिरवलं. पुन्हा तसंच, मध्येच कुणी धरल्यासारखं. एक्सल बोटात धरला तर जड, आत खर्र खर्र. नवीन बेअरिंग आणि खर्र खर्र?

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे दुसऱ्याला तळ नव्हताच. ते नळीला टेकलं तिथेच थांबायचं होतं. पुढे दाबलं म्हणून मधल्या नळीने दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या बाहेर ढकलल्या होत्या, आणि बाहेरच्या कड्या आम्ही आत कोंबल्या होत्या. मधल्या मध्ये गोळ्या चिरडत होत्या बिचाऱ्या. हलणं बंद झालं होतं, पण त्याबरोबर फिरणंही.

गोदा हळूच म्हणाली, "शाले, त्याने हलवूनच बघायचंय ना? फिरवून कुठे बघणार आहे तो. होऊ दे पास."

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. चांगला पूर्ण कप चहा होईपर्यंत केला. सम्यकला यातलं ओ की ठो कळत नाही. चाक हलवेल, हलणार नाही, मी सुटले. रविवार परवावर आलेला. आत्ता ठोकून ढिलं करायला गेले आणि पुन्हा प्ले आला तर? मग सायकलही गेली आणि दगडही गेला. मरेपर्यंत पोडियमवर गोल गोल. मला भीती वाटली.

पण त्या चाकावर बसायचं मला होतं. महिनाभरात बेअरिंगचा भुगा होऊन मी पुन्हा कुठेतरी आपटणार, आणि मग सम्यक म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं? त्याला बरोबर ठरवायला मी हातभार का लावू?

"उलट बाजूने ठोकू," मी म्हटलं.

चाक पालथं केलं. एक्सलवर लाटण्याचं टोक टेकवलं आणि हातोडीने हलकेच मारलं. टिचकी मारावी इतकंच. फिरवून बघितलं. अजून जड. अजून एक टिचकी. गोदा श्वास रोखून बसलेली. तिसऱ्या टिचकीला आत काहीतरी किंचित सरकलं, आणि चाक फिरवलं तर फिरतच राहिलं. आवाज नाही, काही नाही. दोघी बघत राहिलो, कबुतरंसुद्धा गप्प. थांबलं तेव्हा गोदा म्हणाली, "आता हलवून बघ."

हलवलं. केसाएवढं हललं.

"अगं बाई!" गोदाने कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, "थांब. हे फोर्कमध्ये, हँडलखालच्या दोन दांड्यांत, बसून आवळलं गेलं की जाईल." म्हटलं खरं, पण जीव टांगणीलाच होता. लावून बघायला गोदाला वेळ नव्हता, चार वाजले की घोडबंदर तुंबतो. ती पिशवी गोळा करून निघाली. जाताना म्हणाली, "सुटलीस की मानपाड्याला ये गं. मी काय सारखी फोटो काढून घ्यायला येणार नाही."

सम्यक त्या दिवशी लवकर आला. अ‍ॅपवर गोदाचं नाव वाचून आला असणार. बूटसुद्धा काढले नाहीत, थेट बाल्कनीत. चाक अजून माझ्या मांडीवरच होतं. "हे तू खोललंस?" म्हणत त्याने माझ्या हातातून घेतलं, एक्सल दोन बोटांत धरला आणि हलवला.

"हलतंय, आई," तो म्हणाला.

आणि त्याचा चेहरा खुलला. खोटं नाही सांगत. दहावीच्या निकालाच्या दिवशी खुलला होता तसा. माझं सगळं शुक्रवारचं काम, ते मनगट, ते ग्रीस, आणि माझा मुलगा आनंदला की ते फसलं. तेव्हा मला कळलं की हा इतके दिवस चाक हलत राहो म्हणून नवस बोलल्यासारखा बसला होता. राग आला असं म्हणणं कमी आहे. थोबाडीत मारावीशी वाटली.

मी उठले. चाक फोर्कमध्ये बसवलं, लिव्हर दाबून बंद केली. "आता हलव."

त्याने हलवलं. नाही हललं. दोन्ही हातांनी रिम धरून हलवलं. गुडघ्यावर बसला, फोर्क एका हाताने धरला, सगळा जोर लावला. चाक अर्धं फिरवून पुन्हा हलवलं, दुसरी बाजू धरून हलवलं. मेघना ऑफिसची पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली. तो हलवतच होता.

"सम्यक," ती म्हणाली. "नाही हलत ते. बस कर."

तो तिथेच बसला, वर्तमानपत्रावर, ग्रीसमध्ये. म्हणाला, "त्या दिवशी मी सगळ्या हॉस्पिटलांना फोन करत होतो. एकाने सांगितलं, साठीची एक बाई आणलीय, ओळख पटत नाही, येऊन बघा. मी गेलेलो आई. त्यांनी चादर बाजूला केली."

"मग?"

"तू नव्हतीस." मग म्हणाला, "साडी तुझ्यासारखीच होती."

हे त्याने मेघनालासुद्धा सांगितलं नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून आत गेली. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, ग्रीसचा. त्याची दया आली मला. आणि राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, एकाने दुसरं कमी झालं नाही.

"शब्द दिला होतास तू," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. उठून त्याने सीटवरचं स्टिकर नखाने खरवडून काढलं.

रविवारी सकाळी पंजाबी ड्रेस घातला, फोन दोरीने गळ्यात अडकवला आणि सायकल घेऊन खाली आले. उत्तमदादा सायकल बघून हसले, पण सवयीने टॅबवर बोट गेलंच त्यांचं. रिक्वेस्ट वर गेली. आम्ही दोघे टॅबकडे बघत उभे. मला वाटलं, नाही म्हणेल. नाहीतर झोपलो होतो म्हणेल.

टॅब वाजला. हिरवी बरोबरची खूण. खाली माझा पैठणीतला फोटो आणि लिहिलेलं, मुलाला बाहेर जाण्याची परवानगी आहे.

"झालं ताई!" उत्तमदादांना माझ्यापेक्षा आनंद. गेटची दांडी वर गेली. समोर घोडबंदर रोड, पलीकडे कोलशेतकडे वळायचा रस्ता. चाक निम्मं बाहेर. आणि माझा पाय पेडलवर जाईना.

"उत्तमदादा, दांडी खाली घ्या."

"अहो ताई, परवानगी आलीय!"

"म्हणूनच. खाली घ्या."

मी सायकल आडवी लावून तिथेच उभी राहिले. मागे दोन गाड्या लागल्या, हॉर्न सुरू झाले. जिम बॅग घेतलेली एक पोरगी व्हिडिओ काढायला लागली. उत्तमदादांनी घाबरून वर इंटरकॉम लावला. सम्यक धावत आला, एका पायात त्याची चप्पल, एका पायात मेघनाची.

"आई, मी हो म्हटलं! लगेच म्हटलं!"

"माहीत आहे."

"मग जा ना. रोज म्हणेन हो."

"रोज म्हणशील. आणि एखाद्या दिवशी तुला भीती वाटेल आणि नाही म्हणशील. मला परवानगी नकोय सम्यक. त्या पोरांच्या यादीतून माझं नाव काढ."

"मग मला कसं कळणार तू कुठे आहेस?"

"मी सांगितलं तर कळेल."

"आणि पडलीस तर?"

"पडेन." मागचा हॉर्नवाला थांबतच नव्हता, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि मी जे हळू बोलायला हवं होतं ते ओरडून बोलले. "अरे, त्या चादरीखाली एक दिवस मी असणारच आहे! तू बाविसाव्या मजल्यावर ठेवलंस तरी असणार आहे!"

हॉर्न थांबला. सम्यकचा चेहरा पांढरा पडला. मला तोंड आवरता आलं नाही याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

त्याने खिशातून फोन काढला. अंगठा दोनदा नुसता वर फिरला. मग दाबला. फोनने विचारलं असावं, नक्की का, कारण तो पुन्हा थांबला. मग पुन्हा दाबला. टॅबवरून पैठणी गेली. उत्तमदादांनी टॅब बाजूला ठेवला आणि मला काहीही न विचारता दांडी वर केली.

मी सीटवर बसले. सम्यक पुढे आला, खाली वाकला आणि पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. हललं नाही. पुन्हा हलवलं. नाही हललं. तरी त्याने हात काढले नाहीत. रिम धरून तसाच वाकून राहिला, मान खाली. मागच्या गाड्यांनीही हॉर्न मारला नाही. बऱ्याच वेळाने त्याची बोटं एकेक करून सुटली.

मी निघाले. चाक अगदी गुपचूप फिरत होतं, आवाज म्हणून नाही. वळणापर्यंत मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो अजून तिथेच वाकलेला दिसला असता, आणि मी परत फिरले असते.